उभ्या गाडीचे तास

१

तेल कमी पडून मेलेल्या गाड्या मी शेकड्यांनी पाहिल्या आहेत. तेल जास्त झालं म्हणून मेलेली ही पहिलीच.

हर्सूलच्या पुढं अतुलचं गॅरेज आहे. तिथं ती पांढरी पिकअप बॉनेट वर करून उभी होती. मी इंजिनातली तेल मोजायची दांडी काढली, पुसली, परत घातली, परत काढली. तेल वरच्या खुणेच्याही दोन बोटं वर होतं. बोटावर घेऊन चोळलं तर पाण्यासारखं पातळ, आणि वास सरळसरळ डिझेलचा.

"बघितलं का मॅडम?" सुदर्शन म्हणाला. "इंजिनच्या तेलात डिझेल ओतलं त्यानं. माझ्या भावाची गाडी जाणूनबुजून मारली."

अतुल मेकॅनिकनं मान डोलावली. "लिटर-दोन लिटर तरी असंल. तेल पातळ झालं की बेअरिंग जातंच. घाटात चढाला इंजिन जाम झालं."

मी मंजुषा साळवे. विमा कंपन्यांसाठी मोडलेल्या गाड्या बघते आणि त्या कशानं मोडल्या ते एका ओळीत लिहून देते. उस्मानपुऱ्यात माझं दीड खोलीचं ऑफिस आहे. अठरा वर्षं हेच केल्यानं आत आता फारसं काही हलत नाही. लोक समोर रडत असतात आणि मी चासी नंबर टिपून घेत असते. नवऱ्यानं एकदा विचारलं होतं, "तुला कशाचं काही वाटतं का गं?" मी म्हटलं, "वेळ मिळाला की बघते." तो हसला, पण थोडंसंच.

तर ही गाडी गोकुळची. सुदर्शनचा थोरला भाऊ. चौदा महिन्यांपूर्वी चार दिवसांच्या तापात गेला, वय चौतीस. गाडी आता त्याच्या बायकोच्या, मेघाच्या नावावर आहे. चालवतो सांडू, गोकुळचा शाळेपासूनचा दोस्त. गुरुवारी मका भरून शहराकडे येताना चौक्याच्या घाटात इंजिन अडकलं.

"पोलिसांत अर्ज दिलाय," सुदर्शन म्हणाला. "साहेब म्हणले, सर्व्हेअरचा कागद येऊ द्या, त्यात घातपात लिहिलं की लगेच गुन्हा दाखल करतो. सांडूचं नाव लिहून दिलंय मी."

"कधीपर्यंत पाहिजे कागद?"

"सोमवारी."

त्या दिवशी शुक्रवार होता. गॅरेजच्या फाटकाबाहेर चहाच्या टपरीशी एक माणूस केव्हापासून उभा होता. काळासावळा, हाताची घडी घालून. आत येत नव्हता, जातही नव्हता. अतुल हळूच म्हणाला, "तोच सांडू. एस.टी.च्या ड्रायव्हर भरतीत नाव लागलंय त्याचं. आता फक्त पोलिसांची चारित्र्य पडताळणी राहिली. नावावर गुन्हा लागला तर गेली नोकरी."

मला काही वाटलं नाही. मी वही उघडली.

२

सुदर्शन वाळूजच्या कंपनीत सुपरवायझर आहे, त्यामुळं आरोपही शिस्तीत मांडतो. त्यानं दोन बोटं वर केली.

पहिलं बोट: गाडी लिटरला तेरा किलोमीटर देत होती, ती दिवाळीनंतर सातवर आली. म्हणजे सांडू डिझेल काढून विकतो. दुसरं बोट: त्यानं या सोमवारीच सांडूला सगळ्यांसमोर चोर म्हटलं. "आणि चौथ्या दिवशी गाडी मेली. आता तुम्हीच जुळवा मॅडम. याला नोकरी लागलीये, जाता जाता सूड काढला."

जुळत होतं. फार चांगलं जुळत होतं, आणि इतकं नीट जुळलं की मला कंटाळा येतो.

"गाडी ठेवायचीच होती का तुम्हाला?" मी विचारलं.

"मी पहिल्या महिन्यापासून म्हणतोय, विका. दारात ती उभी दिसली की घरात कुणाच्या घशाखाली घास उतरत नाही. वहिनी नाही म्हणतात. माय तर नाव काढू देत नाही."

म्हणजे गाडी नको असलेला माणूस एकच होता, आणि तो माझ्यासमोर उभा होता. विम्यात घातपात बसतो, आपोआप झालेला बिघाड बसत नाही. हेही त्याला माहीत होतं. मी तेही टिपलं.

मग मी टॉर्च घेऊन इंजिनवर वाकले. तेल भरायचं जे तोंड असतं त्यावर गोल टोपण असतं, हातानं पिळून काढायचं. टोपणाच्या कडेनं तेलकट धूळ बसली होती, तिच्यावर कापसाचे तंतू आणि मक्याचा भुसा. सगळं वाळून टोपण आणि इंजिन एकजीव झालेलं. कडेला कुठंही भेग नाही.

"अतुल, हे टोपण तुम्ही उघडलं?"

"नाय मॅडम. दांडी बघितली, तेवढ्यातच कळलं ना सगळं."

"शेवटचं तेल कधी बदललं?"

"दिवाळीच्या आसपास. मीच बदललं. एक्केचाळीस हजारावर."

मी जोर लावून टोपण फिरवून पाहिलं. पापुद्रा कडकन तुटला आणि माती खाली पडली. दिवाळीपासून हे टोपण कुणी उघडलंच नव्हतं. दांडीच्या भोकातून दोन लिटर ओतायचं तर माणसाला वाती वळायच्या धीरानं बसावं लागलं असतं.

डिझेल आत होतं. ओतलेलं मात्र नव्हतं.

३

अतुलकडं कॉम्प्युटर वाचायचं यंत्र होतं, पण ते त्यानं या गाडीला लावलंच नव्हतं. "काय गरज, दिसतंयच की," म्हणाला. मेकॅनिक आणि डॉक्टर, दोघांनाही एकदा दिसलं की पुरतं.

यंत्र लावलं. गाडी दिवाळीपासून बत्तीसशे किलोमीटर चालली होती. म्हणजे आमच्या रस्त्यांवर फार तर शंभर तास. इंजिन चालू राहिल्याचे तास मात्र तीनशे ऐंशी.

"हे चुकलं असंल," अतुल म्हणाला.

"दोनशे ऐंशी तास गाडी जागेवर उभी राहून चालू होती."

"एवढी? कामून?"

हा प्रश्न नंतरचा. आधी डिझेलचं. नव्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये एक जाळी असते, ती धुरातली काजळी अडवते. गाडी रस्त्यावर पळाली की जाळी तापते आणि काजळी जळून जाते. गाडी नुसती उभी ठेवून चालू ठेवली तर धूर गार राहतो आणि जाळी भरत जाते. मग गाडीचा कॉम्प्युटर जाळी तापवायला इंजिनात जास्तीचं डिझेल सोडतो. उभ्या गाडीत ते पुरतं जळत नाही. उरलेलं सिलिंडरच्या अंगावरून ओघळून खाली तेलात उतरतं. ओल्या लाकडाची चूल फुंकत बसावी आणि पेटायच्या आतच कुणी पाणी मारावं, तसं हे रोज चाललं होतं. यंत्रात नोंद होती: जाळी साफ करायचे एकसष्ट प्रयत्न, पूर्ण झाले तीन.

तेलात डिझेल गाडीनंच घातलं होतं. सातवर आलेलं मायलेजही तिथंच गेलं होतं.

"असं व्हायच्या आधी समोर पिवळा दिवा लागतो," मी म्हटलं आणि केबिनमध्ये चढले. दिव्यांच्या पट्टीवर एका कोपऱ्यात लाल चिकटपट्टीचा तुकडा होता, वायरीला गुंडाळतात ती. तो सोलला. चावी फिरवली. पिवळा दिवा लागला आणि लागूनच राहिला.

गॅरेजच्या खांबाला लाल चिकटपट्टीचं रीळ अडकवलेलं होतं. मी तिकडं पाहिलं.

अतुलचा चेहरा पडला. "सांडू जानेवारीत आला होता दाखवायला. मी म्हटलं, या नव्या गाड्यांचा दिवा असाच लागतो, पट्टी लाव." त्यानं पुढं हात जोडले. "मॅडम, दुसऱ्या चार गाड्यांनाबी लावलीये मी."

चार गाड्या! त्या मेल्यावर त्यांचेही मालक कुणाच्या तरी नावाचा अर्ज देतील. मी त्याला ही जाळीची गोष्ट परत पहिल्यापासून समजावली, आणि उभी गाडी चालू ठेवायची नाही हे तीनदा वदवून घेतलं.

तरी दोनशे ऐंशी तास शिल्लक होते. सुट्टीचे दिवस सोडले तर रोज अडीच तासांच्या आसपास. रोज, न चुकता, कुणीतरी ही गाडी चालू करून तशीच ठेवत होतं. मुद्दाम केलं असेल तर तेही घातपातातच जातं. आणि चावी फक्त सांडूकडं होती.

४

फाटकाबाहेरच्या टपरीवर मी दोन चहा सांगितले. सांडूनं कप घेतला पण प्यायला नाही.

"सांडू, गाडी रोज अडीच तास उभी राहून चालू असायची. कोण ठेवायचं?"

त्यानं खाली पाहिलं. वाटलं, नाही म्हणेल. तो म्हणाला, "मीच."

"कशाला?"

"दुपारी झोपायचो केबिनमधी. एसी लावून. उन्हाचं लई तापतं मॅडम."

"हिवाळ्यातही?"

"व्हय. सवय लागली."

"आणि थंडगार वारं यायचं?"

"यायचं की."

मी चहा संपवला. या गाडीचा एसी चालवणारा पट्टाच इंजिनवर नव्हता, आणि जिथं असायला हवा तिथल्या चाकावर गंज चढला होता. वर्षभर तरी त्या गाडीत गार वारा आलेला नाही. सांडूला हे माहीत नसणं शक्य नव्हतं.

लोक माझ्याशी स्वतःला वाचवायला खोटं बोलतात. हा स्वतःला अडकवायला बोलत होता, तेही नोकरी हातातोंडाशी आली असताना.

"तू हे पोलिसांना सांगितलंस तर काय होईल माहितीये?"

"काय व्हायचं ते होईल."

"सुदर्शन म्हणतो तू गाडी मारलीस. मी लिहू तसं?"

त्यानं एकदम वर पाहिलं. "मी गाडी मारीन व्हय? गोकुळ्यानं ती घेतली तवा पहिल्यांदा मीच नारळ फोडला." मग एवढंच म्हणाला, "तुमाला काय लिव्हायचं ते लिव्हा. मला शपथ हाय."

"कुणाची?"

त्यानं कप तसाच टपरीवर ठेवला आणि मोटरसायकलला किक मारून निघून गेला. शपथ माणूस कधी एकटा घेत नाही. कुणीतरी ती घातलेली असते.

५

शनिवारी सकाळी मी त्यांच्या गावी गेले, चौका ओलांडून सिल्लोडच्या रस्त्यावर. निघण्याआधी गॅरेजात थांबून एक गोष्ट पुन्हा बघितली होती. पिकअपच्या पुढच्या काचेखाली, वायपरच्या खाचेत, वाळलेली कडुनिंबाची पानं दाबून बसली होती. मूठभर तरी.

मेघानं दार उघडलं. तिशीची, केस घट्ट बांधलेले, अंगणवाडीत सेविका आहे. ती बोलते तेव्हा शब्द एकाच उंचीवर राहतात. या घरात सगळेच असं बोलत होते, जणू कुणी झोपलंय आणि उठायला नको.

"गाडी कुठं लावता?"

"रस्त्याकडच्या शेडात. पत्र्याच्या."

मी शेड पाहिलं. आसपास झाड सोडा, बाभळीचं खोडही नव्हतं. मग घराच्या मागं गेले. स्वयंपाकघराच्या बाजूला मोठा कडुनिंब होता, खाली पानांचा सडा. बुंध्याजवळ चाकांचे दोन खोल पाट आणि त्यांच्यामागं हातभर जागेतलं गवत करपून तपकिरी झालेलं. बरोबर सायलेन्सरचं तोंड येईल तिथं. तिथून चार पावलांवर घराची एक खिडकी होती.

"दुपारी घरी कोण असतं?" मी मेघाला विचारलं.

"आत्याबाई एकट्या. मी अंगणवाडीत, लेक शाळेत, भाऊजी कंपनीत."

"त्यांची तब्येत?"

"काय सांगू. हे गेल्यापासून झोप नाही त्यांना. गोळ्या दिल्या डॉक्टरांनी, त्यानंही नाही. रात्रभर नुसत्या बसून असतात." तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "दुपारी तेवढी झोपतात म्हणतात दोन-अडीच तास. देवाचीच कृपा. रविवारी मात्र तेही नाही. रविवारी आम्ही सगळे घरी असतो, जरा गलका असतो, म्हणून असेल."

मी वही मिटली. रविवारी गलका असतो म्हणून झोप येत नाही, असं मेघाला वाटत होतं. मला वाटलं, रविवारी एक आवाज नसतो म्हणून येत नाही.

आत गेले. त्या खिडकीला लागून एक खाट होती आणि खाटेवर गोकुळची आई, आशाबाई, बसली होती. साठीची, हाडापेराची बाई, डोळ्यांखाली काळं पडलेलं. माझ्याकडं पाहिलं, पण मी कोण ते विचारलं नाही.

"झोप येत नाही म्हणे तुम्हाला?"

"डोळ्याला डोळा नाय बाई."

"आणि दुपारची?"

"दुपारचीबी नाय आता. गुरुवारपासून."

गुरुवारी गाडी मेली होती. मी उठले. माझ्याकडं अंदाज होता, पुरावा नव्हता, आणि अंदाजावर सांडू सुटणार नव्हता. सुदर्शननं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तरच तो अर्ज मागं घेणार होता.

बाहेर येऊन मी अतुलला फोन लावला. "गॅरेजात तशीच दुसरी पिकअप आहे का? तेच मॉडेल, तेच इंजिन?"

"एक हाय. गिऱ्हाइकाची. कामून?"

"सोमवारी दुपारी एकला गावात घेऊन या."

६

सोमवारी सुदर्शननं सुट्टी काढली, सही लागेल असं सांगून मी त्याला थांबवलं. मेघा लवकर आली. सांडूला मी आदल्या दिवशी फोन केला होता. तो येईल असं वाटलं नव्हतं, पण आला आणि अंगणाच्या कडेला उभा राहिला. सुदर्शननं त्याच्याकडं पाठ केली.

मी जे करणार होते ते चांगलं नव्हतं. हे मला तेव्हाही कळत होतं. दुसरा रस्ता मला सुचला नाही.

आशाबाई ओसरीत तूर पाखडत होती. एकला दहा कमी असताना पिकअप आली, घराला वळसा घालून कडुनिंबाखाली जाऊन थांबली. इंजिन चालूच. ठकठक, ठकठक, एका लयीत.

सूप थांबलं. आशाबाईनं डोकं वर केलं नाही. सूप भिंतीला टेकवलं, पदर झटकला, आत गेली आणि खिडकीजवळच्या खाटेवर कुशीवर झाली. आम्ही चौघं दाराशी उभे होतो. सात-आठ मिनिटांत तिचा श्वास बदलला. तोंड किंचित उघडं राहिलं. लहान मुलासारखी झोपली ती.

सुदर्शननं चौकटीला हात धरला. "माय झोपली," तो म्हणाला. "चौदा महिन्यांत मी मायला झोपलेली बघितली नाय."

तेव्हा सांडू बोलला, अगदी खालच्या आवाजात. "गोकुळ्या बाजारातून जेवायला यायचा. गाडी या झाडाखाली लावायचा, बंद करायचा नाय. म्हनायचा, गरम इंजिन लगेच बंद करू नये. जेवायचा, उलीसं लवंडायचा. मावशीबी तवाच पडायची. तो गेल्यावर, दिवाळीनंतर एकदा मी गाडी इथं लावली, हवा चेक करायला. चालूच होती. आत बघतो तर मावशी झोपलेली. मंग रोज लावायला लागलो."

"मला सांगायचं होतंस," सुदर्शन म्हणाला.

"मावशीनं गळ्याची शपथ घातली. म्हनाली, सुदर्शनला कळलं तर गाडी इकून टाकील."

सुदर्शननं तोंड फिरवलं. कारण त्यानं खरंच विकली असती.

इतक्यात बाहेरचा आवाज थांबला. गाडी झाडाखाली लावून चालू ठेवायची, एवढंच मी अतुलला सांगितलं होतं, कशासाठी ते नाही. शुक्रवारी मी त्याच्याकडून जे तीनदा वदवून घेतलं होतं, ते त्यानं मनावर घेतलं होतं. उभी गाडी उगाच चालू नको म्हणून त्यानं चावी फिरवली.

आशाबाईनं डोळे उघडले. आम्हाला पाहिलं, खिडकीबाहेरची परकी गाडी पाहिली, आणि उठून बसली.

"कळलं व्हय समद्यास्नी," ती म्हणाली. "मला खुळी समजू नका. तो नाय हे मला ठावं हाय. पर आवाज चालू असला की वाटतं, जेवाया बसलाय. जेवून निघंल. मंग डोळा लागतो."

तिनं माझ्याकडं पाहिलं. "तुमी गाडीचं बगनाऱ्या बाई नं? कशानं मेली गाडी?"

सुदर्शन तिच्यामागून मला मान हलवून नको म्हणत होता. मेघानंही माझा दंड धरला.

"उभी ठेवून चालू ठेवल्यानं," मी म्हटलं. "धुराची जाळी भरली आणि डिझेल तेलात उतरलं. कुणी ओतलं नाही."

"म्हंजी माझ्यापायी मेली."

अशी वाक्यं मी हजार लोकांना सांगितली आहेत आणि सांगून पुढच्या गाडीकडं वळले आहे. या वेळी मला जीभ उचलायला वेळ लागला. मला वाईट वाटत होतं.

"हो," मी म्हटलं.

"माय, तसं नाय गं..." सुदर्शन पुढं झाला.

तिनं हातानं त्याला थांबवलं. "बोलू दे तिला. बरं केलं बाई, सांगितलं. गोकुळच्या टायमाला दवाखान्यातून एकजन असं बोललं नाय. चार दिस फोनवर समदे म्हनत ऱ्हायले, उतरंल ताप, आज उतरंल. मी हितं त्याच्यासाठी भाकरी थापत बसले. त्याला घरी आनला तवा कळलं."

सुदर्शन भिंतीला पाठ लावून खालीच बसला. "मीच सांगितलं होतं सगळ्यांना," तो म्हणाला, "मायला काही बोलू नका म्हणून. डॉक्टर दुसऱ्या दिवशीच बोलले होते मला." आणि तो रडायला लागला.

आशाबाई त्याच्याकडं बघत राहिली. रागानं नाही, मायेनंही नाही. नुसती बघत होती. मग म्हणाली, "ठावं हाय मला. ऊठ. सांडूच्या नावाचा कागद दिलास नं पोलिसात? आधी तो माघारी घे जा. पोराची नोकरी जाईल."

मी अहवाल तिथंच, ओसरीत बसून लिहिला. कारण एका ओळीत: गाडी दीर्घकाळ उभी राहून चालू ठेवल्यानं धुराची जाळी तुंबली, तेलात डिझेल मिसळलं, इंजिन निकामी, बाह्य छेडछाड आढळली नाही. विम्याचे पैसे मिळणार नाहीत हे मेघाला सांगितलं. तिनं मान हलवली. सुदर्शननं कागदाची प्रत घेतली, डोळे पुसले आणि सांडूच्या मोटरसायकलवर मागं बसला. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, पण एकाच गाडीवर ठाण्याकडं गेले. अतुल त्या गिऱ्हाइकाची गाडी घेऊन परत निघाला. मेघा लेकीला आणायला शाळेत गेली.

मी निरोप घ्यायला आत डोकावले. आशाबाई खाटेवर तशीच बसून होती, खिडकीकडं तोंड करून.

"बाई," ती म्हणाली, "आता दुपारचं मी काय करू?"

गाडी कशानं मेली, एवढंच मला सांगता येतं. मी पिशवी खाली ठेवली आणि तिच्या शेजारी खाटेवर बसले. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही, पण थोडी सरकून जागा दिली. तीन वाजेपर्यंत आम्ही दोघी तशाच बसून होतो.